बाही हातात येऊ नये म्हणून केलेली व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय सत्तावन्न, धंदा चामड्याचे व फरचे कपडे तयार करणे आणि ते घेऊन गेलेल्यांच्या तक्रारींना गोड भाषेत उत्तरे लिहिणे, राहणार कारखान्याच्या माडीवर, असे लिहून ठेवते की आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे, स्मरणशक्ती शाबूत आहे, आणि हा कागद मी कोणाच्या धाकाने अगर लाडीगोडीने लिहीत नाही. स्मरणशक्ती शाबूत नसती तर बरे झाले असते असे ज्यांना वाटेल, ते नातेवाईक पुढे क्रमाने येतीलच. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. याआधी मी मेलेलेही नाही. तेव्हा लिहिण्यात काही उणे राहिल्यास कायद्याने सांभाळून घ्यावे.

निमित्त असे की येत्या गुरुवारी माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. सर्जन तरुण आहे, बोटे लांब आहेत, नखे स्वच्छ आहेत. तपासून झाल्यावर मी त्याला विचारले, "टाके किती अंतरावर घालता?"

"मावशी, ते माझ्यावर सोडा."

"सोडलं असतं. पण कातड्याचा प्रश्न आहे म्हणून विचारलं."

तो हसला. आपल्या कामाबद्दल विचारल्यावर जो कारागीर हसतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. म्हणून हा कागद आजच, सोमवारी, करून ठेवते.

वाचणाऱ्याचा वेळ वाया जाऊ नये म्हणून आधीच सांगते. घर, बचत, भांडीकुंडी हा सगळा भात आहे. मीठ कलम सहामध्ये आहे. माझ्यामागे खालचा कारखाना कारखानाच राहणार, की दलालाचे गोदाम होणार, एवढाच ह्या कागदाचा मुद्दा. ज्याला घाई असेल त्याने सरळ तिथे जावे. दलालाला घाई आहे हे मला माहीत आहे.

कलम पहिले. माडीवरच्या तीन खोल्या, सामानासह, माझा मुलगा आणि सून ह्या दोघांच्या नावे समसमान. जिन्यात कातड्याचा, चिकटवणाचा आणि ओल्या लोकरीचा वास येतो, तो घराचा भाग समजावा; तो वेगळा काढून विकता येत नाही. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा तोंडाला पदर लावून जिना चढले होते. वरच्या पायरीवर आमचे हे उभे होते. म्हणाले, "पंडितीणबाई, हळूहळू सवय होईल. नाही झाली तर खिडकी आहे." सवय झाली. खिडकी अजून नीट उघडत नाही. ती मुलाने दुरुस्त करावी. हे गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली, म्हणजे खिडकीला पुरेशी मुदत दिली गेली आहे.

कलम दुसरे. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते आणि ज्याला त्याचे विद्यार्थी त्याहून मोठ्या नावाने हाक मारतात. आम्ही दोघे एकाच घरात, एकाच गुरुजींपाशी संस्कृत शिकलो. तो ते शिकवून नावारूपाला आला. मी त्याच भाषेच्या बळावर "आपल्या कोटाचे अस्तर उसवल्याचे वाचून अतीव खेद झाला" अशी पत्रे लिहीत राहिले. मी चामडे शिवणाऱ्याशी लग्न करते आहे हे कळल्यावर दादा म्हणाला होता, "अगं, कातड्यांच्या ढिगात बसून तू काय सुभाषितं म्हणणार?"

मी म्हटले, "दादा, ऋषी कशावर बसायचे?"

"मृगाजिनावर. ते पवित्र असतं."

"हरणाने ते आपणहून काढून दिलं होतं का? कुणीतरी सोललं असेल, कमावलं असेल. त्या माणसाला आश्रमात कुठे बसवायचे, तेवढं सांग."

ह्यावर त्याने मौन धरले आणि ते आजतागायत सोडलेले नाही. आमच्याकडे येतो तेव्हा माडीवर चढत नाही. खाली गाडीत नाकाला रुमाल लावून बसतो आणि मुलाला हाक मारतो. हिवाळ्याच्या तोंडाला मात्र नेमाने येतो आणि कोट घेऊन जातो. त्याला कातड्याचा वास येतो, कोटाचा येत नाही. ही घ्राणेंद्रियाची सिद्धी आहे. तिच्यावर त्याने एखादे भाष्य लिहायला हरकत नाही.

दादाला मी मेंढीचे एक अखंड कातडे देते. ना कापलेले, ना शिवलेले, ना अस्तर लावलेले. त्याचे चार पाय कुठे होते ते त्यात स्पष्ट दिसते. ते त्याला कोणी घरपोच करू नये. त्याने ते माडीवर येऊन न्यावे.

माझे संस्कृत शब्दकोश त्याला वाटेल की त्याच्याकडे जावेत. जाणार नाहीत. शिवण चिकटवल्यावर ती बसेपर्यंत तिच्यावर काहीतरी जड ठेवावे लागते, आणि त्या कामी आमच्या कारखान्यात त्या चार खंडांइतके चोख काही नाही. ह्यांनी पहिल्यांदा त्यांतला एक खंड उचलून कॉलरवर ठेवला तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. मग पाहिले, कॉलर सुरेख बसली होती. कोश खालीच राहतील.

कलम तिसरे. माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी. संस्कृतात अजागलस्तन नावाचा एक न्याय आहे. शेळीच्या गळ्याखाली दोन स्तन लोंबतात. त्यांतून दूध येत नाही, काही नाही, नुसते असतात. आम्ही वर्षानुवर्षे शेळीचे कातडे कापले आहे, त्या भागाचा उपयोग कधी झाल्याचे आठवत नाही. भाऊजींचा ह्या कारखान्याशी संबंध एवढाच आणि असाच आहे. तरी त्यांचे म्हणणे की अर्धा वाटा त्यांचा. ह्यांचे दिवसही झाले नव्हते, बसायला आलेली माणसे अजून बसलेली होती, आणि भाऊजी खाली टेप लावून खोली मोजत होते. मी जिन्यात येऊन उभी राहिले तेव्हा दचकले.

"वहिनी, मी आपलं सहज."

"सहज किती भरली?"

"तशी मोठी आहे," म्हणाले, आणि डोळे पुसले.

कारखाना ह्यांच्या स्वकष्टाचा होता आणि ह्यांनी तो रीतसर माझ्या नावे केलेला आहे. तेव्हा भाऊजींना वाटा नाही. ती टेप मात्र त्यांची. इतक्या वर्षांत ती ताणली गेली आहे आणि खरे माप देत नाही, पण त्यांना तशीच लागते.

कलम चौथे. फरचे काम. खिडकीलगतचे लांब टेबल, फर कापायच्या सुऱ्या, विंचरायचे तारेचे ब्रश आणि थंड कपाटातली उरलेली सगळी फर आमच्या फरवाल्या मावशींना द्यावी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: फर कात्रीने कापत नाहीत. उलटी धरून, केस मोकळे लोंबते ठेवून, फक्त मागचे कातडे सुरीने चिरतात. नाहीतर केसही कापले जातात आणि शिवणीवर टक्कल पडते. मावशींच्या हातून असे टक्कल कधी पडले नाही. त्यांच्या जिभेबद्दल तसे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच मला त्या आवडतात.

एकदा एक बाई आल्या. कडेवर कुत्रे, कुत्र्याच्या अंगात स्वेटर. आमच्याकडे दलालामार्फत आलेली एक फरची कॉलर त्यांनी गालाला लावली आणि डोळे मिटले.

"काय मऊ आहे हो! ही ती उत्तरेकडच्या प्राण्याची ना, हिमराज म्हणतात ती?"

मावशी मान वर न करता म्हणाल्या, "ससा."

दलाल तिथेच होता. त्याला खोकल्याची उबळ आली. "बाई, म्हणजे सशासारखा दिसणारा, पण जात वेगळी."

"ससाच आहे," मावशी म्हणाल्या. "ह्या दलालसाहेबांची ओळख झाल्यापासून त्याला बढती मिळाली."

बाईंनी कॉलर खाली ठेवली, कुत्र्याला घट्ट धरले आणि म्हणाल्या, "ससा मारता? शी, कसं बघवतं तुम्हाला!" आणि कोल्ह्याची घेऊन गेल्या.

ह्या धंद्याबद्दल मला जे म्हणायचे ते एवढ्या हकिकतीत आले. आम्ही प्राणी मारत नाही, पण मारलेल्यांवर जगतो, आणि मुक्या प्राण्यांवर आमचे प्रेम आहे असे आम्ही कोणत्याही पाटीवर कधी लिहिले नाही. सून मला लग्न झाल्यापासून सांगते आहे, "आई, फर बंद करा. थंडीसाठी कुणी घेत नाही, मिरवायला घेतात." तिचे खरे आहे. म्हणून उरलेली फर संपल्यावर कारखान्याने नवी घेऊ नये. मावशींना हे मी सांगितले आहे. त्या म्हणाल्या, "सुटले. माझ्या नाकात आता केसच केस आहेत." त्यांनी पुढे चामड्यालाच हात घालायचा आहे.

कलम पाचवे. बँकेत जे काही असेल त्यातून आधी सर्जनचे द्यावे, मग त्याने हसू नये. उरलेले सुनेचे. मुलाला त्यातले काही नको. तो म्हणतो मोठी झेप घ्यायची. झेप घेणाऱ्याच्या खिशात नाणी खुळखुळू नयेत.

कलम सहावे. कारखाना. म्हणजे खालची मोठी खोली, कापायचे टेबल, तीन मशिनी, साठवलेले चामडे, आणि "कोटवाले" हे लेबल. गावात सगळे ह्यांना कोटवालेच म्हणत, म्हणून ह्यांनी तोच शब्द कापडी पट्टीवर विणून घेतला. हे लेबल विकत घ्यायला दलाल बसला आहे, म्हणून काय घडले ते लिहून ठेवते.

आमच्याकडे ह्यांच्या वेळेपासून एक रीत होती. कोट पुरा झाला की मशीनवर बसणारे मास्तर तो अंगात घालत, हे समोर उभे राहत, आणि दोन्ही बाह्या धरून जीव खाऊन ओढत. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावे, मारामारी जुंपली आहे. एकदा पोलीसही आत आला होता. जाताना मापे देऊन गेला. बाही राहिली तर कोट दुकानात, नाही राहिली तर मास्तरांना तोंडभर शिव्या. ह्यांच्यानंतर ओढायचे काम माझ्याकडे आले. मास्तर म्हणायचे, "बाई, तुम्ही कोट ओढता की माझा सूड घेता?" मी म्हणायचे, "दोन्ही होतं."

गेल्या वर्षी मी पोट धरून अंथरुणाला लागले आणि कारखाना मुलाच्या हाती गेला. मुलगा कपड्यांच्या फॅशनचा अभ्यासक्रम करून आलेला. हुशार आहे, बोलतो छान, चित्र काढतो त्याहून छान. पहिल्याच आठवड्यात त्याने ओढण्याची रीत बंद केली. "आई, वेळ जातो. शिवाय फार गावठी दिसतं." मग मशीनवरचा टाका पाहिला. लांब होता, त्याला ओबडधोबड वाटला. त्याने तो बारीक करायला सांगितला, कापडावर घालतात तसा, नाजूक, मोत्यांची माळ.

मास्तर म्हणाले, "साहेब, चामड्याला बारीक टाका चालत नाही."

"का? दिसतो किती छान."

"दिसतो छानच. पण..."

"मास्तर, जग कुठे चाललंय!"

जग कुठे चालले होते ते पंधरवड्यात कळले. कापडात सुई धाग्यांच्या मधून जाते. चामड्यात ती भोक पाडते, आणि ते भोक जन्मात बुजत नाही. भोकांना भोके लागून घातली की शिवण राहत नाही, पोस्टाच्या तिकिटाची कड तयार होते. एक दिवस ट्रक चालवणारे आमचे जुने गिऱ्हाईक जिना चढून थेट माझ्या अंथरुणापाशी आले. अंगात एका बाहीचा कोट, हातात दुसरी बाही, घडी करून.

"वहिनी, गियर टाकला आणि ही आली."

मी बाही हातात घेतली. कड अशी सरळ फाटली होती की पोस्टमास्तरांना हेवा वाटावा.

"थंडी वाजली असेल हो," मी म्हटले.

"वाजली ना. पण हसायलाच जास्त आलं. क्लीनर म्हणतो, आता दुसरी पण काढा, बंडी होईल."

तो सगळा माल तसाच निघाला. उसवून पुन्हा शिवावा तर जुनी भोके जागच्या जागी. काखेपासून कापून टाकून बंड्या कराव्या लागल्या. म्हणजे क्लीनरला आमच्या अभ्यासक्रमापेक्षा अधिक कळत होते. चूक होते. ह्यांच्याही झाल्या. ह्यांनी एकदा पोटाकडचे ढिले कातडे पाठीला लावले होते. तो कोट घालणारा बसला की त्याच्या मागे तंबू उभा राहायचा. पण आमच्या चिरंजीवांनी ह्या प्रकरणातून काढलेला निष्कर्ष मात्र तर्कशास्त्राच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे. टाका चुकला असे त्याने म्हटले नाही. चामडे चुकले असे म्हटले.

इथे दलालाचा प्रवेश. हा तोच, सशाला बढती देणारा. त्याने मुलाला सांगितले, "साहेब, लोकांना आता कातडं नकोच आहे, कातड्यासारखं हवंय." हे कातड्यासारखे म्हणजे प्लास्टिक. तयार जाकिटे तो बाहेरून आणणार, आमच्या खोलीत ठेवणार, आणि आमच्याकडून फक्त एक शिवण मारून हवी, "कोटवाले" ह्या लेबलाची. वर पुठ्ठ्याची चिठ्ठी: प्राण्यांवर प्रेम करणारे चामडे. हे प्रेम दोन हिवाळ्यांत कोपरावरून पापुद्र्यांनी निघते. आमच्या चर्मवस्त्र उत्पादक संघाचे अध्यक्ष हस्तकौशल्याच्या वारशावर भाषण करतात तेव्हा असेच जाकीट घालून उभे असतात, आणि टाळ्या संपल्यावर व्यासपीठावर काळा कोंडा सांडलेला असतो. (ह्या अध्यक्षांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. हे वेगळे कलम समजावे.)

गोदामाला मास्तर लागत नाहीत, कापणारे लागत नाहीत, मावशी लागत नाहीत. एक कुलूप लागते. करारावर सही मालकिणीची हवी, ती मी करत नाही. मी गेले तर मालक मुलगा. ज्या दिवशी माझ्या गाठीचे निदान झाले त्या दिवसापासून दलाल मला फळांच्या करंड्या पाठवतो. इतकी कळकळ माझ्या सख्ख्या भावाने दाखवली नाही.

म्हणून मी असे लिहिले होते: कारखाना आणि लेबल सुनेच्या ताब्यात राहील. मुलाने मास्तरांच्या हाताखाली मशीनवर बसावे. त्याने स्वतः शिवलेला एक कोट ज्या दिवशी ओढण्याला टिकेल, त्या दिवशी कारखाना त्याचा. ओढणार सून. ती दातांची डॉक्टर आहे. ओढण्याच्या कामात तिचा हात कोणी धरणार नाही. लेबल मात्र आमच्या टेबलावर न कापलेल्या कशालाही लावता येणार नाही, ना तिला, ना त्याला. मास्तर, कापणारे आणि मावशी ह्यांना त्यांच्या मर्जीशिवाय कोणी काढू नये.

एवढे लिहून मी स्वतःवर खूश झाले. सुनेला वाचायला दिले, कारण अंमलबजावणी तिने करायची. सून चामडे वापरत नाही, कारखान्यात पाऊल टाकत नाही, आणि मी तिला "आमच्या घरातली जैन साध्वी" म्हणून चिडवते. तिने उभ्याने वाचले. दुपारी दवाखाना बंद करून आली होती, गळ्यात मास्क तसाच.

"आई, हे काय आहे?"

"व्यवस्था."

"व्यवस्था नाही, पळवाट आहे. तुम्ही मेल्यावर मी तुमच्या मुलाशी भांडायचं, आणि तुम्ही भिंतीवर फोटोत बसून हसायचं?"

"तुझ्याइतकं स्पष्ट कुणी बोलत नाही, म्हणून तुझ्याकडे दिलं."

"मला तुमचा कारखाना नको. मला त्या वासाने मळमळतं. आणि एवढं सगळं त्याला ठाऊक आहे का? टाका चुकला, असं त्याला कुणी तोंडावर सांगितलंय?"

मास्तरांनी "पण" पर्यंत सांगितले होते. मी तेवढेही नाही. अंथरुणावरून मी त्या ट्रकवाल्यांना तीन पानी खेदपत्र लिहिले, मुलाला एक ओळ बोलले नाही.

"गुरुवार होऊ दे, मग सांगते," मी म्हटले.

"गुरुवारनंतर कोण सांगणार? सर्जन? बोलावते मी तुमच्या मुलाला. साक्षीदारही येतायत ना, बरंच झालं."

साक्षीदार आलेच. आमचे घरचे डॉक्टर आणि शेजारचे घड्याळजी. दोघांनाही ह्या कागदातून काही मिळायचे नाही, म्हणून त्यांना बोलावले. त्यांच्यासमोर मुलगा आला आणि मी त्याला कलम सहावे मोठ्याने वाचून दाखवले, शब्द न गाळता. निष्कर्षाबद्दलचे वाक्यही वाचले.

तो खिडकीशी उभा होता. बराच वेळ ती न उघडणारी कडी हलवत राहिला. मग म्हणाला, "आई, वर्षभर हे पोटात ठेवलंस?"

"पोटात बरंच काही ठेवलं. एक गुरुवारी काढतायत."

"आणि बाही ओढणार ही?"

"ही."

"म्हणजे नापासच."

"ते टाक्यावर आहे," सून म्हणाली.

"तुम्हाला वाटतं मला गोदाम हवंय?" तो एकदम चिडला. "मला परत कुणाच्या हातात बाही यायला नको होती, एवढंच. त्या ट्रकवाल्या काकांना मी तेव्हापासून तोंड दाखवलेलं नाही. त्यांचा ट्रक दिसला की मी गल्ली बदलतो. प्लास्टिक विकलं तर दोष प्लास्टिकचा."

घड्याळजी खाली बघत होते. डॉक्टरांनी उगाच माझी नाडी धरली.

सून म्हणाली, "मग दलालाला आत्ता सांग. आमच्यासमोर."

त्याने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. "काका, मी बोलतोय. आईच्या मृत्युपत्राचं..."

पुढचे त्याला बोलूच दिले नाही. "अरेरे! कधी झालं? फार वाईट झालं हो. मोठी विदुषी! गुरुवार होता ना पण? बरं, आता मन घट्ट करा, साहेब. सही काय, सावकाश, उद्या केली तरी चालेल. माल गाडीतच आहे."

मी पुढे वाकून म्हटले, "भाऊ, फळं पोचली. पेरू जरा कच्चे होते."

पलीकडे इतकी शांतता झाली की मला त्याच्या हृदयाची काळजी वाटली. मुलाने फोन हातात घेतला. आवाज थेट ह्यांचा होता; मी तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "आई समोर बसली आहे. सही होणार नाही. उद्याही नाही, आणि ती गेल्यावरही नाही. माल परत न्या." आणि बाह्या सरसावून, खाली मास्तरांकडे, दाणदाण जिना उतरून गेला.

कलम सातवे. वरील प्रसंग साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत घडला असल्याने कलम सहामध्ये दुरुस्ती करावी का, असा प्रश्न डॉक्टरांनी काढला. "पोराने गोदाम नाकारलं, आता द्या की सरळ," म्हणाले. डॉक्टर भाबडे आहेत. ते ताप उतरला की रोग गेला म्हणतात.

आम्ही चहा घेत असताना मुलगा वर आला. कातड्याच्या उरलेल्या तुकड्यांना त्याने एक बाही जोडून आणली होती. टाका लांब होता. कपाळावर घाम होता, आणि अंगठ्याला शिवण ठोकताना हातोडी लागल्याची खूण. मास्तर त्याच्या मागे दारात उभे होते. त्याने ती पत्नीपुढे धरली. तिने आधी मास्क नाकावर चढवला, मग एक टोक त्याच्या हातात दिले, पाय रोवला आणि ओढली.

बाही तिच्या हातात आली.

"शेवटी दोरा उलटा फिरवून बंद करायचा राहिला, साहेब," मास्तर म्हणाले. ह्या खेपेस त्यांनी वाक्य पुरे केले.

मुलाने बाही घेतली, शिवण बोटाने चाचपली, बायकोकडे पाहिले. ती म्हणाली, "दुसरी आण." तो पुन्हा खाली गेला. मास्तर त्याच्या मागे, वाटेत काहीतरी समजावत. मुलगा "हं, हं" करत होता.

तेव्हा कलम सहावे जसे लिहिले तसेच राहील. मात्र ते अमलात येण्यासाठी माझ्या मृत्यूची वाट पाहू नये. मुलाने आजपासून मशीनवर बसावे, सुनेने आजपासून ओढावे, आणि मी गुरुवारनंतर परत आले तर मी शेजारी खुर्ची टाकून बसेन. परत आले नाही, तर खुर्ची मावशींना द्यावी; त्यांना बघायला आवडते.

हा कागद मी स्वतः वाचून, साक्षीदारांना वाचून दाखवून, त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

सही: मालकीण, "कोटवाले"

साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर. लिहून देणारी पूर्ण शुद्धीवर आहे. नाडी सुरुवातीला जलद होती, आता ठीक.

साक्षीदार दुसरे: शेजारचे घड्याळजी. वरील सर्व माझ्यासमोर घडले. सही करेपर्यंत दुसरी बाही वर आलेली नाही.

ठिकाण: कारखान्याची माडी. दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा सोमवार, संध्याकाळ, उजेड आहे तोवर.